मानेतली गाठ, टीबीच्या गोळ्या आणि लिम्फोमाची शंका

प्रश्न थोडक्यात असा आहे: भाऊ 26 वर्षांचा. मानेच्या उजव्या बाजूला दोन महिन्यांपासून गाठ आहे, दुखत नाही. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले. सुई घालून केलेल्या तपासणीत ‘रिॲक्टिव्ह’, म्हणजे साधी सूज, आलं. आता टीबीच्या गोळ्या सुरू करून बघू असं सांगितलंय. लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर, असेल तर तो ओळखायचा कसा आणि तो कुणाला होण्याची शक्यता जास्त?

आधी थेट उत्तर. दोन महिने झाले, दोन कोर्स झाले, गाठ तशीच आहे आणि सुईच्या तपासणीत टीबीचा कसलाच पुरावा नाही. अशा वेळी टीबीच्या गोळ्या ‘देऊन बघू’ म्हणून सुरू करू नयेत. गाठ शस्त्रक्रियेने पूर्ण काढून तपासायला द्यावी. आणि ती काढून होईपर्यंत स्टेरॉइडची एकही गोळी किंवा इंजेक्शन घेऊ नये. लिम्फोमाच असेल असं मी म्हणत नाही. या वयात टीबीची किंवा साध्या सुजेची शक्यता अजूनही जास्त आहे. पण तिन्हींचा निवाडा गाठीच्या तुकड्यावरच होतो, अंदाजावर नाही.

गाठ हाताला कशी लागते

शरीरात सुमारे सहाशे लसिकाग्रंथी असतात. त्यांतल्या मुख्यतः मान, काख आणि जांघेतल्या हाताला लागतात. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, ते याच ग्रंथीचं सुजणं. दाढ किडली की जबड्याखाली, डोक्यात उवा किंवा पुळ्या झाल्या की मानेच्या मागे, बाळाला बीसीजी टोचल्यावर डाव्या काखेत अशा गाठी येतात. त्या बहुधा दुखतात, हात लावू देत नाहीत, आणि मूळ कारण गेलं की दोन ते चार आठवड्यांत उतरतात. शेतात अनवाणी वावरणाऱ्या माणसाच्या जांघेत दीड-दोन सेंटिमीटरची मऊ, चपटी गाठ वर्षानुवर्षं असू शकते. तिच्यामागे लागू नये.

लिम्फोमाची गाठ बहुतेकदा न दुखणारी, रबरासारखी घट्ट आणि बोटाखाली सरकणारी असते. वरची कातडी नेहमीसारखीच राहते, लाल किंवा गरम होत नाही. एकाशेजारी एक अशा दोन-चार गाठी असू शकतात. दगडासारखी टणक आणि खाली चिकटून बसलेली गाठ असेल तर दुसऱ्या ठिकाणचा कॅन्सर तिथे उतरल्याची शंका आधी येते. एकमेकींना चिकटून गोळा झालेल्या, पुढे मऊ पडून फुटणाऱ्या आणि वाहणाऱ्या गाठी म्हणजे जुनी गंडमाळ, अर्थात टीबी. वर्णन पुस्तकात नीट वेगळं वाटतं, हाताला तसं लागेलच असं नाही. सुरुवातीची टीबीची गाठही न दुखणारी, सुटी आणि घट्टच असते. म्हणून ‘दुखत नाही म्हणजे कॅन्सर’ हेही चूक आणि ‘दुखत नाही म्हणजे काळजी नाही’ हेही चूक.

जागेला फार महत्त्व आहे. जबड्याखालची एक सेंटिमीटरची गाठ अनेक निरोगी लोकांत सापडेल. हासळीच्या हाडाच्या वरच्या खळग्यात मात्र हाताला लागणारी कोणतीही गाठ, आकार कितीही असो, तपासलीच पाहिजे. उजव्या खळग्यातली गाठ छातीतल्या आजाराकडे बोट दाखवते, डावीकडची पोटातल्याही. कोपराच्या आतल्या बाजूला अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा मोठी गाठ असेल तर तीही नेहमीची नव्हे. मान आणि काखेत साधारण 1 सेंटिमीटर, जांघेत दीड ते 2 सेंटिमीटर, याच्या पुढे आणि चार ते सहा आठवड्यांच्या पुढे टिकलेली गाठ तपासणीच्या यादीत जाते.

घरी बघायचं असेल तर बसून, मान किंचित त्याच बाजूला वाकवून, बोटांची टोकं न रोवता पेरांच्या सपाट भागाने गोल फिरवत बघा. आंघोळीत साबण लावलेला असताना सोपं जातं. लांबी-रुंदी पट्टीने मोजून तारखेसह लिहून ठेवा आणि पुन्हा दोन आठवड्यांनी मोजा. रोज चिवडू नका. रोज दाबल्याने निरोगी ग्रंथीही दुखरी होते आणि ‘वाढली की काय’ हा भास वेगळाच. शेक, लेप, चिरा देणं यांतलं काही करू नका.

वयाचंही बघावं लागतं. नेदरलंड्समधल्या फॅमिली डॉक्टरांकडे कारण न कळलेल्या गाठी घेऊन आलेल्या लोकांची पाहणी 1988 साली प्रसिद्ध झाली. त्यात चाळिशीच्या पुढे सुमारे 4 टक्के लोकांत कॅन्सर निघाला, चाळिशीच्या आत 0.4 टक्के. आपल्याकडे टीबी इतका आहे की हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. शिवाय हॉजकिन लिम्फोमा हा प्रकार नेमका पंधरा ते पस्तीस या वयात जास्त दिसतो. त्यामुळे ‘एवढ्या तरुण मुलाला कसला कॅन्सर’ असं म्हणून गाठ बाजूला टाकता येत नाही.

इथे एक गोष्ट मध्येच सांगितली पाहिजे. पन्नाशीचा माणूस, तंबाखू-मिश्री-गुटखा वर्षानुवर्षं, आणि मानेत टणक गाठ: अशा वेळी लिम्फोमाचा विचार नंतर, आधी तोंड, जीभ, घसा नीट बघायचा. तिथे पहिली तपासणी सुईचीच करतात. मानेतली गाठ आधी कापून काढली तर तोंडाच्या कॅन्सरची पुढची शस्त्रक्रिया अवघड होऊन बसते. म्हणजे ‘गाठ पूर्ण काढा’ हा माझा सल्ला सरसकट सगळ्यांना नाही.

आणखी एक फसवणूक. सावकाश वाढणाऱ्या लिम्फोमात, विशेषतः फॉलिक्युलर प्रकारात, गाठी आपोआप लहान होतात आणि काही महिन्यांनी परत येतात. त्याच काळात अँटिबायोटिक किंवा कसला काढा चालू असेल तर श्रेय त्याला जातं आणि वर्ष निघून जातं. एकदा उतरून परत आलेली गाठ ही नवी गाठ समजू नका. पहिल्या दिवसापासूनचा काळ मोजा.

ताप, घाम, वजन आणि खाज

डॉक्टर ज्यांना ‘बी लक्षणं’ म्हणतात ती तीन आहेत. पहिलं, कारण नसताना 38 अंश सेल्सिअसच्या, म्हणजे 100.4 फॅरनहाइटच्या, वरचा ताप. दुसरं, रात्री अंगावरचे कपडे आणि चादर बदलावी लागेल इतका घाम. तिसरं, प्रयत्न न करता सहा महिन्यांत 10 टक्क्यांहून जास्त वजन घटणं. साठ किलोचा माणूस 54 च्या खाली आला की हे लक्षण धरायचं, दोन किलो कमी झाल्यावर नाही. मे महिन्यात मुंबईत किंवा कोकणात वीज गेल्यावर येणारा घाम यात मोजत नाहीत. पंखा चालू असताना, थंडीच्या दिवसांतही उशी भिजत असेल तर तो घाम महत्त्वाचा. ताप थर्मामीटरने मोजून लिहा. ‘अंगात कसर आहे’ यावरून काहीच ठरवता येत नाही.

गोम अशी की ही तिन्ही लक्षणं टीबीतही हुबेहूब अशीच असतात. दुसरं म्हणजे लिम्फोमाच्या बऱ्याच रुग्णांत यांतलं एकही नसतं. माणूस कामावर जातो, जेवतो, क्रिकेट खेळतो आणि मानेत तीन सेंटिमीटरची गाठ असते. ‘तब्येत तर ठणठणीत आहे’ म्हणून गाठ अंगावर काढण्याचं हेच कारण असतं.

खाज या तिघांत धरत नाहीत, पण हॉजकिनमध्ये ती त्रास देते. अंगावर पुरळ नाही, तरी सगळं अंग खाजतं, ॲलर्जीच्या गोळीने आराम पडत नाही, झोप मोडते, खाजवून खाजवून ओरखडे उठतात. अशी खाज आठवडेच्या आठवडे टिकली तर छातीचा एक्स-रे काढायला हरकत नाही. दारू प्यायल्यावर काही मिनिटांत गाठीत दुखू लागणं हे फार थोड्या हॉजकिन रुग्णांत दिसतं, पण दिसलं तर दुर्लक्ष करू नये.

गाठ बाहेर दिसतच नाही तेव्हा

हा भाग लोकांना माहीत नसतो म्हणून थोडं थांबून लिहितो. लिम्फोमा जिथे जिथे लसिकापेशी आहेत तिथे होऊ शकतो, म्हणजे जवळजवळ कुठेही.

छातीच्या मधल्या भागातल्या ग्रंथी वाढल्या तर कोरडा खोकला, पाठीवर झोपल्यावर दम, आणि पुढे सकाळी उठल्यावर चेहरा-मान सुजलेली, गळ्यावरच्या शिरा फुगलेल्या, वाकलं की डोकं जड होणं असं होतं. खोकल्याची औषधं महिनाभर चालू असतात आणि छातीचा एक्स-रे कुणी काढलेला नसतो, हे वारंवार घडतं.

पोटात असेल तर दोन घास खाल्ले की पोट भरतं, डाव्या बरगड्यांखाली पांथरी वाढल्याने जडपणा येतो. मलेरियाच्या भागात वाढलेली पांथरी मलेरियाच्या खाती टाकली जाते. जठरातला लिम्फोमा ॲसिडिटीसारखाच वाटतो. मोठ्या माणसाचा एकाच बाजूचा टॉन्सिल मोठा झाला, दुखत नाही आणि उतरत नाही, तर तो लहानपणच्या टॉन्सिलसारखा सोडून देऊ नये. साठीपुढच्या पुरुषाच्या वृषणात न दुखणारी सूज आली तर या वयात तिथला सर्वांत नेहमीचा कॅन्सर लिम्फोमाच असतो. ती सूज पाणी भरल्याची समजून सुईने काढत बसू नये. एका नाकपुडीतून सतत खपल्या, रक्त, बंद नाक आणि टाळूला भोक पडणं हे म्युकरमायकोसिसमध्ये होतं तसं एका विशिष्ट लिम्फोमातही होतं. तिथे मृत खपलीतून नव्हे, तिच्या कडेच्या जिवंत भागातून तुकडा घ्यावा लागतो.

त्वचेचं तर वेगळंच प्रकरण आहे. मायकोसिस फंगॉइड्स या प्रकाराच्या नावात बुरशी असली तरी बुरशीशी त्याचा संबंध नाही. नितंब, मांड्या, कंबर, छातीच्या बाजू अशा ऊन न लागणाऱ्या जागी पातळ, किंचित खवलेदार चट्टे येतात आणि वर्षानुवर्षं राहतात. सावळ्या कातडीवर ते फिकट दिसतात. मग एकजण कोड म्हणतो, एकजण नायटा म्हणतो, एकजण कुष्ठरोग. कुष्ठरोगाच्या चट्ट्यात बहुधा संवेदना कमी होते, इथे ती शाबूत असते. कोड पांढरंशुभ्र असतं, हे चट्टे पूर्ण पांढरे नसतात. मेडिकलच्या दुकानातून घेतलेल्या मिश्र मलमात स्टेरॉइड असतं, त्याने चट्टा दबतो आणि बायोप्सीत काही सापडत नाही. म्हणून मलम दोन ते चार आठवडे बंद ठेवून, दोन-तीन ठिकाणांहून तुकडे घ्यावे लागतात. कधी पहिल्या वेळी निदान होत नाही, सहा महिन्यांनी पुन्हा घ्यावे लागतात. त्यात कुणाची चूक नसते.

लहान मुलांत बर्किट लिम्फोमा पोटात किंवा जबड्यात येतो आणि त्याच्या पेशी एक-दोन दिवसांत दुप्पट होऊ शकतात. मुलाचं पोट आठवड्याभरात वाढलेलं दिसलं तर सोमवारची ओपीडी बघायची नाही.

टीबीचा घोळ

आपल्याकडे लिम्फोमाचं निदान उशिरा होण्याचं मोठं कारण म्हणजे अंदाजाने दिलेली टीबीची औषधं. त्यामागची विचारसरणी चुकीची नाही: मानेतल्या टिकाऊ गाठीचं सर्वांत नेहमीचं कारण इथे टीबीच आहे. चूक होते ती पुरावा न घेण्यात.

पुरावा म्हणजे काय? गाठीतल्या द्रवात किंवा तुकड्यात सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या जंतूचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीत टीबीचा जंतू सापडणं, कल्चरमध्ये तो वाढणं, किंवा सूक्ष्मदर्शकाखाली मधोमध सडलेला, चीजसारखा दिसणारा ग्रॅन्युलोमा, म्हणजे सुजेतल्या पेशींचा बारीक पुंजका, दिसणं. (ट्रूनॅट हे उपकरण गोव्यातल्या कंपनीचं आहे आणि ते आता सरकारी केंद्रांत बऱ्याच ठिकाणी मिळतं.) हातावरची मँटू चाचणी पॉझिटिव्ह येणं हा पुरावा नाही. भारतात असंख्य निरोगी प्रौढांचीही ती पॉझिटिव्ह येते. ईएसआर, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारी रक्ताची चाचणी, वाढणं हाही पुरावा नाही, तो दोन्हींत वाढतो. आणि साधा, न सडलेला ग्रॅन्युलोमा म्हणजे टीबीच असंही नाही. हॉजकिनच्या गाठीत आणि काही टी-पेशींच्या (लसिकापेशींचा एक प्रकार) लिम्फोमात लसिकापेशींच्या गर्दीत ग्रॅन्युलोमा दिसतात. सुई नेमकी तिथे गेली की रिपोर्ट ‘ग्रॅन्युलोमॅटस’ येतो आणि लिम्फोमा शेजारीच राहून जातो.

औषधं सुरू झाल्यावर दुसरी गंमत होते. खरोखर टीबी असलेल्या काही रुग्णांत पहिल्या दोन-तीन महिन्यांत गाठ लहान होण्याऐवजी मोठी होते. तो औषधांचा दोष नाही, मरणाऱ्या जंतूंना शरीराने दिलेला प्रतिसाद असतो. म्हणजे ‘गोळ्या चालू आहेत आणि गाठ वाढतेय’ याचे तीन अर्थ निघतात: हा प्रतिसाद, औषधाला दाद न देणारा टीबी किंवा टीबी नव्हताच. पुराव्यानिशी सुरुवात केली असेल तर हा गुंता सोडवता येतो. अंदाजाने केली असेल तर तिथेच अडकायला होतं. त्यामुळे माझं मत असं: पुराव्याशिवाय सुरू झालेल्या औषधांवर आठ आठवड्यांत गाठ उतरत नसेल, किंवा नवीन ठिकाणी गाठ आली असेल, तर सहा महिन्यांचा कोर्स पुरा होण्याची वाट न बघता तुकडा घ्यावा. टीबी आणि लिम्फोमा एकाच माणसात एकत्रही असू शकतात, हे ध्यानात असू द्यावं.

स्टेरॉइड याहून वाईट. अशक्तपणा, ताप, अंगदुखी यांसाठी डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन सर्रास दिलं जातं. लिम्फोमाच्या पेशी स्टेरॉइडने मरतात, गाठ चार दिवसांत ओसरते, भूक लागते, सगळे खूश. मग तुकडा घेतला तर त्यात मेलेल्या पेशींचा राडा आणि ‘निश्चित सांगता येत नाही’ असा रिपोर्ट. मेंदूतल्या लिम्फोमात तर स्कॅनवरचा गोळाच दिसेनासा होतो. गोळ्या घेऊन झाल्या असतील तर लपवू नका. नाव, डोस आणि शेवटची तारीख सर्जनला सांगा. काही वेळा गाठ परत येईपर्यंत थांबून मगच बायोप्सी करावी लागते.

सुई पुरत नाही, का पुरत नाही

बारीक सुईने, म्हणजे एफएनएसीने, पेशी बाहेर येतात पण ग्रंथीची रचना येत नाही. लिम्फोमाचे प्रकार ओळखायला ती रचनाच लागते. हॉजकिनमध्ये तर ओळख पटवणाऱ्या मोठ्या पेशी, ज्यांना कार्ल स्टर्नबर्ग आणि डोरोथी रीड यांच्यावरून रीड-स्टर्नबर्ग पेशी म्हणतात, गाठीतल्या शंभर पेशींत एखाद-दुसरी असते. बाकी सगळी साध्या लसिकापेशींची गर्दी. सुईत ती गर्दी येते आणि रिपोर्ट ‘रिॲक्टिव्ह’ होतो. तुमच्या भावाचा रिपोर्ट खोटा आहे असं नाही. त्याने लिम्फोमा नाकारला जात नाही, एवढंच. सुईचा उपयोग टीबीचा जंतू शोधायला आणि तोंड-घशाचा कॅन्सर ओळखायला चांगला होतो.

म्हणून अख्खी गाठ, तिच्या आवरणासकट. हाताला सोपी लागते ती छोटी गाठ नव्हे, सर्वांत मोठी आणि सर्वांत वेगळी लागणारी गाठ. मान आणि जांघ दोन्हीकडे गाठी असतील तर जांघेतली नको, ती पायाच्या जखमांमुळे नेहमीच बिघडलेली असते. गाठ छातीत किंवा पोटात खोल असेल तर सोनोग्राफी किंवा सीटीखाली जाड सुईने चार-पाच लांब तुकडे घेतात, ते चालतात. मानेच्या बाजूच्या त्रिकोणी भागात खांदा उचलणारी नस अगदी वर असते. ती दुखावली तर खांदा पडतो. म्हणून हे काम मानेच्या शस्त्रक्रियेत हात बसलेल्या सर्जनकडे द्यावं.

गुंगी देण्याआधी छातीचा एक्स-रे काढलेलाच हवा. छातीत मोठा गोळा असेल तर पूर्ण भूल देताना श्वासनळी दबून जीव धोक्यात येतो. अशा रुग्णाची मानेतली गाठ जागा सुन्न करून काढतात.

आता ज्यात सगळ्यात जास्त वाट लागते तो भाग: काढलेली गाठ प्रयोगशाळेत पोचणं. तीन सेंटिमीटरची अख्खी गाठ तशीच फॉर्मालिनच्या बाटलीत टाकली तर फॉर्मालिन तासाला साधारण एक मिलिमीटरच आत शिरतं. मधला भाग तोवर कुजतो. तो कुजला की रंगरसायनांची पुढची तपासणी, म्हणजे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, बिघडते. म्हणून गाठ ताजी असतानाच तीन ते पाच मिलिमीटरच्या चकत्या करून, तुकड्याच्या किमान दहापट 10 टक्के फॉर्मालिनमध्ये ठेवावी. फॉर्मालिनच्या आधी एक तुकडा वेगळ्या निर्जंतुक बाटलीत नुसत्या सलाइनमध्ये घालून त्याच दिवशी टीबीच्या कल्चर आणि सीबीनॅटसाठी पाठवावा. फॉर्मालिनमध्ये गेलेल्या तुकड्याचं कल्चर होत नाही. नेमका हाच तुकडा विसरला जातो आणि मग टीबी की लिम्फोमा हा वाद कधीच मिटत नाही. अख्खी गाठ रात्रभर सलाइनमध्ये ठेवणं किंवा स्पिरिटमध्ये बुडवणं, दोन्हींनी ती वाया जाते. बाटल्या कुठल्या आणि किती लागतील हे शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी विचारून घ्या, ऑपरेशन थिएटरच्या दारात नको.

रिपोर्टवर नुसतं ‘लिम्फोमा’ लिहिलेलं पुरेसं नाही. प्रकार लिहिलेला हवा, आणि तो ठरवायला सीडी20, सीडी3, सीडी30, सीडी15, केआय-67 अशा पेशींवरच्या खुणांचे रंग कसे आले ते हवं. या प्रकारांची संख्या पन्नासच्या वर आहे आणि उपचार प्रकारानुसार पूर्ण बदलतात. टाटा मेमोरियलमधल्या 2,773 नॉन-हॉजकिन (हॉजकिन सोडून बाकीचे लिम्फोमा) रुग्णांचा अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे 79 टक्के बी-पेशींचे (लसिकापेशींचा दुसरा प्रकार) होते आणि एकट्या डिफ्यूज लार्ज बी-सेल प्रकाराचे सुमारे 34 टक्के.

रक्ताच्या तपासण्यांबद्दल दोनच वाक्यं. सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, नॉर्मल येणं लिम्फोमा नाकारत नाही. एलडीएच, म्हणजे पेशींतून रक्तात उतरणारं एक द्रव्य, वाढलं तर आजाराच्या जोराचा अंदाज येतो, पण नमुन्यातल्या रक्तपेशी फुटल्या तरी ते वाढलेलं दिसतं. जाहिरातीतल्या ‘कॅन्सर मार्कर पॅकेज’मध्ये लिम्फोमा पकडणारी एकही चाचणी नसते, पैसे वाचवा. सोनोग्राफीत ग्रंथी लांबट आणि मधोमध चरबीचा पट्टा शाबूत असेल तर दिलासा, गोल आणि पट्टा गेलेला असेल तर शंका. पेट-सीटी या सगळ्या अंगाच्या स्कॅनमध्ये टीबी आणि सार्कॉइडोसिस (ग्रॅन्युलोमा होणारा, कॅन्सर नसलेला आजार) हेही लिम्फोमासारखेच उजळतात. कुठली गाठ काढायची हे ठरवायला आणि आजार किती पसरला ते बघायला पेट-सीटी उत्तम, बायोप्सीच्या जागी नाही.

धोका कुणाला जास्त

बहुतेक रुग्णांत कारण सापडत नाही, हे आधी लिहिलेलं बरं. ‘मी काय चुकीचं खाल्लं’ याचं उत्तर बहुधा ‘काहीच नाही’ हेच असतं. हा आजार संसर्गजन्य नाही, ताटात जेवल्याने होत नाही.

ठळक धोका आहे तो प्रतिकारशक्ती कमी झालेल्यांना. एचआयव्ही असलेल्या माणसात, विशेषतः सीडी4 या प्रतिकारपेशी कमी असताना, नॉन-हॉजकिनचा धोका अनेक पटींनी वाढतो. म्हणून गाठीच्या प्रत्येक तपासणीत एचआयव्ही चाचणी असलीच पाहिजे, त्यात संशय किंवा अपमान काही नाही. मूत्रपिंड किंवा यकृत प्रत्यारोपण झालेले, आणि संधिवातासाठी वर्षानुवर्षं मेथोट्रेक्सेट घेणारे यांनाही नवीन गाठ आली की लवकर दाखवायला हवी. मात्र गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत.

काही आजार एका विशिष्ट जागी नेतात. शोग्रेन आजारात डोळे-तोंड कोरडं पडतं, त्यात कानाखालची ग्रंथी एका बाजूने कायमची सुजून राहिली तर लिम्फोमा तपासावा. जुन्या हाशिमोटो थायरॉइडमध्ये (थायरॉइड ग्रंथीची जुनी सूज) गळा काही आठवड्यांत भराभर वाढला तर तेच. गव्हाने त्रास होणाऱ्या सिलिॲक रुग्णांत पथ्य पाळूनही वजन घटू लागलं तर आतड्याचा विचार.

जंतूंचं म्हणाल तर एप्स्टाइन-बार विषाणू हॉजकिनच्या एका भागाशी, बर्किटशी आणि त्या नाकाच्या लिम्फोमाशी जोडलेला आहे. पण तो दहातल्या नऊ प्रौढांना कधीतरी होऊन गेलेला असतो, म्हणून त्याची रक्तचाचणी करून काही साधत नाही. हेपॅटायटिस सी आणि पांथरीचा लिम्फोमा, हेलिकोबॅक्टर पायलोरी आणि जठराचा माल्ट लिम्फोमा या जोड्या मात्र उपयोगाच्या आहेत. जठरातल्या सुरुवातीच्या माल्टमध्ये नुसत्या त्या जंतूवरच्या उपचाराने बहुसंख्य रुग्णांचा लिम्फोमा विरघळतो.

कीटकनाशकांबद्दल विदर्भ-मराठवाड्यातून नेहमी विचारणा होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 साली लिंडेन हे नॉन-हॉजकिन लिम्फोमाचं निश्चित कारण ठरवलं, तर मॅलॅथिऑन, डायझिनॉन आणि ग्लायफोसेट यांना ‘संभाव्य’ गटात टाकलं. वर्षानुवर्षं फवारणी करणाऱ्यांसाठी हा मुद्दा खरा आहे, भाजीवर राहिलेल्या अंशांबद्दल तसा पुरावा नाही. फवारताना हातमोजे, पूर्ण बाह्या, वाऱ्याच्या दिशेचं भान आणि कपडे वेगळे धुणं एवढं तरी पाळावं.

घराण्यात असेल तर? आई-वडील, भाऊ-बहिणीला हॉजकिन असेल तर धोका साधारण तिप्पट होतो, पण मुळातच तो इतका लहान आहे की तिप्पट होऊनही लहानच राहतो. घरच्यांनी दरवर्षी स्कॅन करत बसू नये.

तुमच्या भावासाठी

याच आठवड्यात छातीचा एक्स-रे, सीबीसी, एलडीएच, युरिक ॲसिड, एचआयव्ही, हेपॅटायटिस बी आणि सी. मान, काख, जांघ आणि पोट डॉक्टरांकडून हाताने तपासून घ्या, सगळ्या गाठींची मापं लिहून घ्या. फिटची औषधं, विशेषतः फेनिटॉइन, चालू असतील तर सांगा, त्यानेही गाठी येतात. मग सर्जन किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञ. चेहरा सुजणं, आडवं झाल्यावर दम लागणं, पाठदुखीबरोबर पायांतली ताकद जाणं, लघवी कमी होणं यांतलं काहीही दिसलं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा.

बायोप्सी झाल्यावर नुसता रिपोर्ट नव्हे, काचा आणि मेणाचा ब्लॉकही मागून घ्या, तो रुग्णाचा हक्क आहे. रिपोर्टबद्दल शंका असेल तर दुसरं मत त्याच ब्लॉकवरून टाटा मेमोरियल किंवा एखाद्या मोठ्या केंद्रातून घेता येतं, पुन्हा कापावं लागत नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत किंवा गोव्यात दीनदयाळ योजनेत उपचारांची मंजुरी घ्यायला हाच रिपोर्ट लागतो, त्यामुळे त्यावरचं नाव, वय आधार आणि रेशन कार्डाशी जुळतंय ना ते प्रयोगशाळेच्या खिडकीवरच बघून घ्या.